तिरकी जेली

सॉल्टब्रश फ्लॅट, ॲरिझोना
१० ऑक्टोबर १९८८

लोणी वितळून पायपुसण्यावर आलं, दूध फाटलं, अंड्यांना वास सुटला. आणि तुम्ही म्हणाला होतात, "वहिनी, हा फ्रीज तुमच्या-माझ्या मयतालाही जेवण पुरवील." मयत राहू द्या, त्यानं आजचा नाश्तासुद्धा पुरवला नाही. आत हात घातला की कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणात हात घातल्यासारखं वाटतं.

आता नमस्कार. डेल्मर भावोजी, बरे असाल. मी बरी आहे.

माझा ट्रेलर, हे चाकांवरचं घर, उन्हाळाभर इथं वाळवंटात बंद होता आणि मी तिकडं नेब्रास्कात लेकीकडं, जोनेलकडं, बंद होते. उन्हाळा दोघांनाही मानवला नाही. या महिन्याच्या सुरुवातीला बर्लनं मला बसवरून उतरवून घेतलं. बर्ल म्हणजे शेजारच्या ट्रेलरातला. पाइप जोडण्यात त्याचा जन्म गेला, त्यामुळं जगात जे बिघडतं ते पाइपातच बिघडतं असं तो मानतो. आल्या आल्या एक सर पडली आणि छप्पर माझ्या उशीवर ठिबकलं. त्याचं मी माझं पाहून घेतलंय, त्यात तुम्ही पडू नका. तुम्ही फ्रीजचं सांगा.

सिलिंडर भरलेला आहे. शेगडी पेटते. बाहेरच्या जाळीतून वाकून पाहिलं तर फ्रीजखालची ज्योतही पेटलेली दिसते, पण पिवळी आणि दारुड्यासारखी डुलणारी. आग लावून गार करायचं यंत्र ज्यानं काढलं तो एक तर फार शहाणा असेल, नाहीतर बायकोला बनवत असेल.

घाई कशाची ते ऐका. माझं इन्सुलिन गार ठेवावं लागतं. सध्या बर्ल गावातून बर्फाची लादी आणतो आणि मी पेटीत भागवते. फोनवर जोनेलशी बोलताना हे तोंडून निघून गेलं. झालं! पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगला ती आणि जावई पिकअप घेऊन इथं येणार. तोवर फ्रीज गार करत असला तर ठीक. नसला तर ट्रेलर विकायचा आणि मी कायमची तिच्या तळघरातल्या खोलीत. मी हो म्हणून बसले. म्हटलं, फ्रीज म्हणजे काय, दोन दिवसांचं काम. आता पळवाट नाही. तळघर, भावोजी! तिथं बटाटे ठेवतात.

तुमचा भाऊ वर्लिन असता तर त्यानं एक लाथ घातली असती आणि फ्रीज चालू झाला असता. तो गेला, लाथही गेली. उरलात तुम्ही. जेवणाच्या टेबलावर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आल्याशिवाय घास न घेणारा माणूस यंत्राचं काम अर्धवट सांगणार नाही. घोडं कुठं पेंड खातंय ते कळवा. जोनेलला यातलं काही कळता कामा नये.

ऑर्फा


ऑर्ड, नेब्रास्का
१८ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

दुधाचा दोष माझ्याकडे घेतो. लोण्याचा घेत नाही, लोणी तुम्ही नेहमीच दाराच्या कप्प्यात ठेवता.

पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे. गॅसच्या वासाला कोळी आणि गांधीलमाश्या भुलतात. ट्रेलर बंद राहिला की बर्नरच्या नळीत संसार थाटतात. तेव्हा असं करा. आधी सिलिंडर बंद करा. हे वाक्य दोनदा वाचा. वर्लिननं एकदा वाचलं नव्हतं, त्याच्या भुवया नाताळपर्यंत उगवल्या नव्हत्या. मग बाहेरची जाळी काढा आणि बर्नर मऊ ब्रशनं झाडा. त्याच्यावर उभं धुराडं आहे, त्यात तारेला टांगलेली पिळाची पट्टी असते. ती वर ओढून घ्या, काजळी झाडा, होती तशी परत सोडा. गॅस येतो त्या बारीक भोकात टाचणी घालू नका. भोक मोठं झालं की ज्योतीची भट्टी होते.

पेटवताना आधी शेगडी पेटवा, म्हणजे नळीतली हवा निघून जाईल. मागून फ्रीज. ज्योत निळी आणि सरळ हवी. त्यानंतर एक पूर्ण दिवस दार उघडायचं नाही. "झालं का, झालं का" करत दार उघडायची तुमची सवय मला ठाऊक आहे.

एवढं करूनही गार झालं नाही तर वहिनी, त्याचं वय झालं असं समजायचं. वीस वर्षं म्हणजे थोडी नाहीत. भंगारात जाण्यात यंत्राला काही कमीपणा नाही.

इकडे मका निघाला. पत्ते खेळायला कुणी नाही. नवा शेजारी हरला की रुसतो आणि जिंकला की देवाचे आभार मानतो. दोन्ही सोसवत नाही. जोनेलची आणि माझी गाठ पडलेली नाही.

आपला,
डेल्मर


सॉल्टब्रश फ्लॅट
२६ ऑक्टोबर

भावोजी, कोळी निघाला!

कोळी कसला, कोळीणबाई. नळीत पांढरीशुभ्र गादी करून मध्ये बसली होती. म्हटलं, बाई, तुलाही तळघरच आवडलं का? कागदावर उचलून बर्लच्या ट्रेलरखाली सोडली. काजळी झाडताना माझं तोंड असं झालं की बर्लची बायको मला बघून "काही हवंय का" असं परक्यासारखं विचारती झाली.

आता ज्योत निळी आहे, वर्लिनच्या चर्चच्या सदऱ्यासारखी. मागची नळी चांगली तापते, बोट ठेववत नाही. आणि दार मी एक पूर्ण दिवस उघडलं नाही. दोरीनं बांधून ठेवलं होतं, तुमच्या समाधानासाठी.

उघडलं तर आत बाळाच्या अंघोळीचं पाणी ठेवावं अशी ऊब.

इथल्या वाऱ्यानं वैताग आणलाय. घराचं दार आपोआप उघडतं. कांदा टेबलावर ठेवला की निघाला दाराकडं. म्हातारपणी माझ्या घरातलं काहीच माझ्याजवळ राहायला तयार नाही.

इथल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा एकच उपाय आहे. फ्रीज भिंतीतून काढायचा आणि एक दिवस डोक्यावर उभा करायचा. म्हणे आतलं अमोनियाचं पाणी कुठंतरी तुंबून बसतं, उलटं केलं की मोकळं होतं आणि फ्रीज ढेकर देऊन बरा होतो. प्रत्येकाचा कुणी ना कुणी मेहुणा असा फ्रीज उलटा करून सुखी झालेला आहे. कोणाच्याही मेहुण्याचा पत्ता मात्र कुणाकडं नाही. बर्ल बाह्या सावरून बसलाय. तुमचं मत काय ते चटकन लिहा. दिवस चाललेत.

ऑर्फा


ऑर्ड
२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

मागे तापतं आणि पुढे गार होत नाही, म्हणजे आतलं रक्त फिरायचं थांबलं. अमोनियाचा नाकात जाणारा वास येत असेल किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तरी मिटल्यासारखाच आहे. डोक्यावर उभं करणं हा अडाणी खेळ आहे. कुणाची तरी कंबर मोडेल आणि ती बर्लची नसेल.

तळघराचं इतकं मनावर घेऊ नका. खोलीत सकाळचं ऊन येतं, पिवळ्या कोंबड्यांच्या पडद्यांनी तर खोली हसरी झाली आहे. जिना फार उंच नाही. वरच्या स्वयंपाकघरातला फ्रीज असा आहे की बर्फ आपोआप पेल्यात पडतो.

जे झालं ते झालं, वहिनी.

डेल्मर


सॉल्टब्रश फ्लॅट
१० नोव्हेंबर

"भावोजी" हा शब्द या पत्रात शेवटी येईल. आलाच तर.

आधी फ्रीजचं. आम्ही तो उलटा केला. चार म्हातारे होते आणि धड गुडघे त्यांच्यात तीन. बर्ल म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त दार धरा."

मी म्हटलं, "पुरुषांसाठी दार धरता धरता जन्म गेला. मी बूड धरते."

"बूड जड असतं."

"तुझ्या बायकोला सांगते हं, काय म्हणालास ते."

हसता हसता फ्रीज सगळ्यांच्या हातून निसटला असता, पण निघाला. बर्लच्या ट्रेलरापुढं सिमेंटचा ओटा आहे, त्यावर तो डोक्यावर उभा केला. कुणीतरी त्याच्या पायांवर टोपी ठेवली. दिवसभर लोक येऊन बघून गेले. एका बाईनं तर हळू आवाजात विचारलं, "कधीपासून असं आहे?"

दुसऱ्या दिवशी सरळ केला आणि पाणी खाली बसायला वेळ दिला. बर्लनं आपला सिलिंडर तांब्याच्या नळीनं जोडला आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती बघितली. ज्योत तशीच निळी. सकाळी दार उघडलं तर आत दहिवर! बर्लनं टोपी काढली. सगळ्यांनी एकेक करून आत हात घातला, जसं काही बाळ झालंय. मी बीन्स आणि मक्याची ब्रेड केली. बर्लनं भाषण ठोकलं, त्यात स्वतःचं नाव बऱ्याचदा आलं.

मग फ्रीज जागेवर बसवला. तोच फ्रीज, तसाच गॅस, तीच निळी ज्योत. संध्याकाळी मी जेली घालून ठेवली, आपली हिरवी, आत किसलेलं गाजर. तिच्याशिवाय थँक्सगिव्हिंग लागत नाही आणि जोनेल लहानपणापासून टर्कीच्या आधी तीच संपवते. म्हटलं, तालीम करून बघू.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. आत ऊब. जेलीचं सूप.

बर्ल म्हणाला, "ढेकर पुरती आली नाही. पुन्हा उलटा करू."

मी म्हटलं, "आधी तू उलटा हो आणि मला विचार करू दे."

भांडं तसंच आत होतं. दाराकडच्या बाजूला जेली काठाला लागून खाली सांडलेली आणि भिंतीकडं भांड्याचा तळ उघडा पडलेला. गाजर सगळं एका अंगाला, बोटीतनं पळून जाणाऱ्या माणसांसारखं. मी किती वेळ बघत बसले. मग तो कांदा आठवला. आणि ते दार. वारा तर आठवडाभर पडलेलाच होता.

सूप तिरकं राहत नाही. सूप सरळच होतं. तिरकं घर होतं.

ते मीच केलेलं. छप्पर उशीवर ठिबकत होतं म्हणून बिछान्याच्या बाजूची चाकं बर्लकडून फळ्यांवर चढवून घेतली होती, पाणी दाराकडं वाहून जावं म्हणून. गेलंही. मी कोरडी झोपत होते, म्हणून पुन्हा त्याचा विचार केला नाही. आपण सगळी पाटाच्या पाण्यावर जगलेली माणसं. शेताचा उतार चुकला तर पंप असूनही शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. या फ्रीजला तर पंपच नाही. आतलं पाणी बिचारं नुसत्या उतारावर फिरतं आणि मी त्याचा उतारच पळवला. ओट्यावर गार झालं ते ढेकर आल्यामुळं नाही, ओटा सपाट होता म्हणून. चूक माझी. एकदा लिहिली, पुन्हा लिहिणार नाही.

आता तुमची.

जेवणाच्या टेबलाला पाणसळ लावणारा माणूस तुम्ही. स्वतःच्या लग्नात केक तिरका म्हणून तुम्ही त्याखाली घडी केलेला रुमाल सरकवला होता, नवरी तशीच उभी. आणि दोन पत्रांत मला कोळी सांगितलात, काजळी सांगितलीत, पिवळी भुकटी सांगितलीत. "वहिनी, ट्रेलर सपाट उभा आहे ना?" हा एक प्रश्न सुचला नाही?

शिवाय जोनेलची गाठ पडली नाही असं लिहिलंत. कुणी विचारलं होतं?

आणि पिवळ्या कोंबड्या! मी उन्हाळाभर त्या खोलीत होते. पडदे तपकिरी होते, माझ्या हातानं धुतलेत. कोंबड्या मी निघाल्यावर आल्या, आणि तुम्ही त्यांना उन्हात हसताना पाहिलंत. पाणी कुठं मुरत होतं ते फ्रीजचं कळलं, तुमचंही कळलं. किती वेळा जेवलात तिच्याकडं?

ट्रेलर किती सपाट लागतो, कुठं मापायचं, सगळं खरं लिहा. लिहिलंत तर भावोजी. नाहीतर नुसते वर्लिनचे भाऊ.

ऑर्फा


ऑर्ड
१५ नोव्हेंबर

वहिनी,

दोन वेळा. एकदा कोंबडी, एकदा हॅम.

ती रडली. तुम्ही रडत नाही, त्यामुळे रडणाऱ्या माणसापुढे काय करायचं हे आमच्या घरात कुणी शिकलंच नाही. गेल्या हिवाळ्यात तुमची साखर उतरली आणि बर्लला तुम्ही पायरीवर पडलेल्या सापडलात. तेव्हापासून फोन वाजला की तिचे हात गार पडतात म्हणाली. फ्रीज मेला असं मी सांगावं, एवढंच तिनं मागितलं. मी हो म्हटलं. पहिल्या पत्रात पाणसळीचं लिहून गेलो होतो. मग ते पत्र फाडून दुसरं लिहिलं.

आणि हे तुम्ही उकरून काढालच, म्हणून मीच लिहितो. तिचं घर माझ्यापासून सहा मैलांवर आहे. पत्ते खेळायला कुणीतरी आलं असतं. याहून जास्त काही नाही, पुढे त्याला फाटे फोडू नका.

आता काम. पाणसळ फ्रीजच्या आत, बर्फाच्या कप्प्याच्या तळावर ठेवायची. टेबलावर नाही, पायरीवर नाही. आधी आडवी, मग मागे-पुढे. बुडबुडा दोन रेघांच्या आत अर्धा आला तरी चालेल, पण तुम्ही पूर्ण आणा. फळ्या काढण्याआधी दुसऱ्या बाजूच्या चाकांना ठोकळे लावा. कोपऱ्यांतले टेकू वजन उचलायला नसतात, घर हलू नये म्हणून असतात. बर्लला हे सांगा, त्याला माहीत आहे असं तो म्हणेल, तरी सांगा. मग पेटवा आणि एक दिवस थांबा. दोरी बांधा.

सोबत माझी पाणसळ पाठवतो. वर्लिननं ती कधी हातात घेतली नाही, त्यामुळे अजून खरं बोलते. मी काही दिवस टेबलाला न मापता जेवीन.

डेल्मर


सॉल्टब्रश फ्लॅट
२७ नोव्हेंबर

भावोजी,

शब्द परत दिलाय, बघा. पुन्हा हरवू नका.

पाणसळ वेळेत आली. बर्ल म्हणाला, "टेकूंचं मला माहीत आहे," आणि टेकू फिरवायलाच गेला. त्याला थांबवलं. ठोकळे लावले, फळ्या काढल्या, एक पातळ पट्टी सरकवली आणि बुडबुडा असा मध्ये येऊन बसला की मला तुमचं तोंड दिसलं. घर सरळ झाल्यावर मी दोन दिवस भिंतीला धडकत होते. दीड महिना तिरकी चालायची सवय झाली होती आणि मी दोष गुडघ्यांना देत होते. फ्रीज तेव्हापासून गार तो गार.

जोनेल बुधवारी आली. पिकअपला मागं ओढायचा हूक लावून आणि पिशवीत थर्मामीटर घेऊन. "आई, कशी आहेस" म्हणायच्या आधी तिनं फ्रीज उघडला.

"हात गार लागतोय," ती म्हणाली.

"फ्रीज आहे तो."

"बर्लनं बर्फ आणून लपवला असेल."

"शोध."

तिनं खरंच शोधला हो! चीजमागं, कोबीखाली, अंड्यांच्या खोक्यात. जावई बिचारा टोपी हातात धरून उभा, त्याला फक्त भूक लागली होती. शेवटी थर्मामीटर आत ठेवून ती समोर खुर्ची टाकून बसली. दर थोड्या वेळानं उठते, दार उघडते, "झालं का, झालं का". मी म्हटलं, "बाई, हे तुझ्या आजोळचं आहे. दार लाव." थर्मामीटरनंही माझीच बाजू घेतली.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मी जेली तिच्यापुढं ठेवली. तिनं भांडं ताटलीवर उलटं केलं, एक थाप मारली आणि उचललं. खाली वाकून तिनं जेलीला डोळा लावला, तुम्ही टेबलाला लावता तसा. कडेनं कडेनं फिरून बघितलं. जेली थरथरली, पण सरळ उभी राहिली.

"तुझ्यासारखीच आहे," जोनेल म्हणाली.

"माझ्यात गाजर नाही," मी म्हटलं.

मग ती हसली. आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. "आणि गेल्या हिवाळ्यासारखं झालं तर?"

भावोजी, ते तुम्ही लिहिलं नसतंत तर मी तिला उडवून लावलं असतं. मी बर्लला हाक मारली. आता ठरलंय असं. सकाळी उठले, सुई घेतली, खाल्लं, की लाल टॉवेल दाराबाहेर लावायचा. टॉवेल दिसला नाही की बर्लनं दार ठोकायचं. बर्ल म्हणाला, "आणि दिसला तर?" मी म्हटलं, "तर ठोकू नकोस." तरी तो ठोकणारच, माझ्याकडं बिस्किटं गरम असतात. जोनेलनं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. ट्रेलरला हूक लावला नाही.

शुक्रवारी पाऊस पडला. घर सरळ, त्यामुळं पाणी पुन्हा उशीवर. मी आणि जोनेल एका बिछान्यात, मध्ये बादली. ती म्हणाली, "आई, तळघरात हे नसतं." मी म्हटलं, "झोप, नाहीतर बादली तुझ्या बाजूला सरकवते." आता छप्पर किंवा फ्रीज, दोहोंतलं एकच मिळणार असेल तर मी फ्रीज घेतलाय. पण दोन्ही मिळू शकतात, डांबर लावणारा माणूस असला तर. वरच्या झरोक्याभोवती चिरलंय. बर्लला सांगितलं तर तो तिथंही पाइपच घालेल.

तेव्हा तुम्ही या. बर्लकडं खाट रिकामी आहे. डांबराचा डबा इथं मिळतो, पत्ते तुमचे आणा, माझ्या जोडात इस्पिकची राणी नाही. पाणसळ मी टपालानं पाठवणार नाही. हवी असेल तर येऊन न्यायची. फाटे तुम्ही फोडू नका, मीही फोडत नाही. छप्पर गळतंय, एवढंच.

ऑर्फा

ता. क. हे पत्र जोनेलच्या हाती देतेय. ती वाटेत ते फोडणार. जोनेल, वाचून झालं असेल तर नीट चिकटव, काकाला द्यायचंय. त्याला बसमध्ये बसवून दे आणि कुठल्या दिवशी पोचतो ते मला कळव. उत्तर तू लिहायचंस. त्यानं लिहायचं नाही. त्याला कागदावर खोटं बोलता येतं, तोंडावर येत नाही, म्हणून त्यानं तोंड घेऊन यायचं.